फ्लोरिडाचा लोड

कार्नी, नेब्रास्का
सोमवार, सकाळ

प्रिय वेंडेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. कोर्टाची कागदपत्रं नाहीत, घाबरू नकोस. गुरुवारी तू ऑइल बदलायला डेमॉइनच्या गॅरेजात जाशील, तेव्हा तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी हे तुझ्या हातात द्यावं, अशा बेताने पाठवते आहे. फोन मुद्दामच केला नाही. नको तो विषय निघाला की तुझ्या फोनचा आवाज तुटायला लागतो, आणि माझ्या स्क्रीनवरच्या नकाशात तर तुझा ट्रक मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी उभा दिसतो. पत्राचा आवाज तुटत नाही. कॉफी घे, बस आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात तू म्हणालास, “बॉस, शनिवारी कॅन्सस सिटीला माल उतरला की मला फ्लोरिडाचा लोड बघ.” मी म्हटलं, “बघते.” फोन ठेवला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. फ्लोरिडा? फ्लोरिडात माल घेऊन जायला दहा ब्रोकर मागे लागतात, पण तिथून परत यायला रडून रडून एक लोड मिळतो, तोही मातीमोल भावाचा. मी तुझे लोड बघायला लागले त्याला बावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात तू फ्लोरिडाचं नाव एकदाच काढलंस, तेही शिवी म्हणून. शनिवारी आपल्या टेसाचं लग्न आहे, वेंडेल. नवरीला हात धरून चर्चमधून न्यायचा मान बापाचा, पण तिने त्यासाठी माझ्या भावाला विचारलं, तुला नाही, हे तुला कळलंय. म्हणून तुला फ्लोरिडा आठवलं. आपण तिथे असून नसल्यासारखे बसण्यापेक्षा दीड हजार मैल लांब असलेलं बरं, असं तुझं गणित. इतकं तर मला कळतं. संसारात कळलं नाही ते तुझ्या ट्रकला माल जुळवून देणारी डिस्पॅचर म्हणून कळतं.

आपला घटस्फोट आठवतो का? जजने घर मला दिलं, बोट तुला दिली, कुत्रा आलटूनपालटून दोघांना दिला. डिस्पॅचर कुणाच्या वाट्याला, हे विचारायचं ते विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाऊनमध्येच, आइस्क्रीमचा डबा मांडीवर घेऊन यथेच्छ रडत बसले होते, तर तुझा फोन. “बॉस, आज कुठून उचलायचंय?” मी नाक पुसलं आणि म्हटलं, “ओमाहा. दोन नंबरचा दरवाजा. आणि तिथल्या माणसाशी भांडू नकोस.” तेव्हापासून तू मला बायको म्हणून सोडलंस, पण रोज सकाळी सहाला हजेरी चुकली नाही. आज माझ्याकडे आणखी आठ ड्रायव्हर आहेत. सगळे स्वतःच्या ट्रकचे मालक, सगळे स्वतःला राजे समजणारे. त्यातला एकही पोचल्याचं आपणहून सांगत नाही. तू सांगतोस. नवरा असताना सांगितलं असतंस तर कदाचित जजसाहेबांची एक सकाळ वाचली असती. असो.

आता मुद्द्यावर येते. इथून पुढे माझं अक्षर बिघडेल.

सहा वर्षांपूर्वीचा, टेसाच्या शाळेच्या पदवीदानाचा तो शनिवार. कार्यक्रम संध्याकाळी सातला होता. तू पहाटे डेन्व्हरला माल उतरवलास, सूट आधीच घातला होतास, आणि तिथून सरळ घरी यायचं होतं. ट्रक रिकामा. अडचण एवढीच होती. साडेतीनशे मैल रिकामा ट्रक! माझ्या जिवाला ते बघवेना. कुणाला घरात उघडा नळ बघवत नाही, तसं मला रिकामा ट्रेलर बघवत नाही. मी तुला म्हटलं, “ग्रीलीला जाता जाता बीफ उचल, तासाभराचं काम आहे.” तू म्हणालास, “बॉस, आज नको.” मी म्हटलं, “तासाभराचं काम आहे म्हटलं ना!” गोदामवाल्यांनी तुला आठ तास बसवून ठेवलं. कायद्याने दिवसाला मिळणारे तुझे कामाचे चौदा तास ओगलालाला संपले, घरापासून दीडशे मैलांवर. ट्रकमधलं तास मोजणारं ते यंत्र काही ऐकत नाही. पुढे एक मैल नाही, दहा तास सक्तीची विश्रांती, आणि मागे वीस टन गोठलेलं मांस सोडून येताही येईना.

तिथली गंमत तू दुसऱ्या दिवशी सांगितलीस. सूट आणि टाय बघून ट्रक थांब्यावरच्या लोकांना वाटलं, तिथे जुन्या ट्रेलरमध्ये ड्रायव्हरांसाठी भरतं त्या छोट्या चर्चचे नवे पाद्री आले. दोन ड्रायव्हर टोपी काढून समोर उभे राहिले, आणि तुला नाही म्हणवेना, म्हणून तू प्रार्थना म्हटलीस. तिसरा येऊन रडला. मी हसले, खूप हसले. मग तू म्हणालास, “पोरीला मी सांगितलंय की लोडचा हावरटपणा माझा होता. तू मध्ये पडू नकोस.” मी पडले नाही. तेव्हा आपलं फाटायला आलं होतं, आणि पोरगी माझ्या बाजूला आहे याचं मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते आहे. सहा वर्षं ती तुला “लोड आधी, मी नंतर” म्हणून टोमणे मारते आहे, तू मान खाली घालून ऐकतो आहेस आणि मी शेजारी बसून बटाटे सोलते आहे.

काल दुपारी आम्ही दोघी पाहुण्यांना द्यायच्या मधाच्या बाटल्यांना फिती बांधत होतो. ती म्हणाली, “बाबा येणार नाहीत बघ. एखादा लोड सापडला असेल त्यांना.” एकशे चाळीस बाटल्यांपैकी साठावी माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. ग्रीली, आठ तास, ओगलाला, “तासाभराचं काम”. तुझी प्रार्थनासुद्धा सांगितली. वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. कात्री खाली ठेवून म्हणाली, “आई, तू मला सहा वर्षं त्यांच्यावर रागवू दिलंस?”  मग ती उठून माझ्या कामाच्या टेबलाशी गेली. सतराव्या वर्षापासून ज्या खुर्चीला ती शिवली नव्हती, त्या खुर्चीत बसली.

तिने विचारलं, “शनिवारी त्यांचे तास कधी सुरू होतात?” मी सांगितलं, सकाळी सहाला, कॅन्सस सिटीत. तिने कागदावर मांडलं. माल उतरवायला गोदामवाले जे दोन तास खातील ते धरले, रस्त्याचे सहा, जेवणाचा अर्धा तास, अंघोळीचा अर्धा तास, आणि वाटेत तुला कुणी ओळखीचा भेटून तू गप्पा छाटशील त्याचा एक. लग्न सकाळी अकराला होतं, ते तिने दुपारी चारला नेलं. पाद्री कुरकुरले, केकवाल्या बाई ओरडल्या, नवऱ्या मुलाच्या आईने दोनदा फोन आपटला. माझ्या भावाला तिने सांगितलं, “मामा, तुम्ही बसून घ्या.” फ्लोरिडाचा लोड मी दुसऱ्याला दिला, आता तो मला शिव्या घालेल. वेंडेल, हे पत्र मी लिहिते आहे ते माफी मागायला, आणि तुला हे फोनवर सांगताना मला रडू आलं असतं म्हणूनही. काल संध्याकाळभर तुझी पोरगी माझा फोन घेऊन एकशे चाळीस माणसांना एकेक करून सांगत होती, “लग्न चारला आहे. माझे बाबा कामावरून येतायत.”

तुझीच (कामापुरती म्हण हवं तर),
रोंडा