सहाव्या आणि सातव्या पायरीमधलं

८ जानेवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी. कुर्डुवाडीला ह्यांनी माझी वळकटी स्वतः डब्यात चढवली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. बदली झालेल्या साहेबाला निरोप द्यावा तसे. मला हसू येत होतं.

खोली स्वच्छ आहे. घरमालकीण सुंदरम्मा, घरात तेलुगू बोलतात. खाली त्यांचे दोन माग दिवसभर चालू असतात. मी पिशवी ठेवते न ठेवते तोच शेंगाचटणीची वाटी आणि कडक भाकरी पुढे आली.

आमची कंपनी टॉवेल कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवते. प्रत्येक यंत्राबरोबर माहितीपुस्तिका जाते. कल्लप्पा नावाच्या गृहस्थांनी त्या वीस वर्षं लिहिल्या. आता ते निवृत्त होऊन अक्कलकोटला असतात. त्यांच्या फायली जुन्या पद्धतीच्या आहेत. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी एक खूण असते: हे शीर्षक, ही पायरी, हे चित्र. मालक उदयसिंह सरांना हे सगळं फोनवर वाचता येईल असं हवंय. यंत्रावर चौकोनी कोड चिकटवायचा, कामगारानं त्यावर फोन धरला की पुस्तिका उघडली पाहिजे. जुन्याचं नवं करणारं सॉफ्टवेअर आहे, पण कुठल्या खुणेचं काय करायचं ते त्याला एका फाईलमध्ये लिहून द्यावं लागतं. ती फाईल लिहिणं हे माझं काम. लेकीचं लग्न झाल्यावर दोन वर्षं घरी बसून मी हेच शिकले.

सर मला ‘मॅडम’ म्हणाले. सगळेच म्हणतात.

११ जानेवारी, गुरुवार

सरांनी शेडमधली यंत्रं दाखवली. मला ‘हायड्रो’ आवडलं. पाण्याच्या टाकीएवढा स्टीलचा ड्रम. त्यात ओले टॉवेल भरायचे, झाकण लावायचं, आणि ड्रम गरगर फिरून पाणी बाहेर फेकतो. खटका बंद केला तरी तो आपला फिरतच राहतो, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखा. बाहेरून काही दिसत नाही, बाकीच्या यंत्रांच्या आवाजात ऐकूही येत नाही. झाकणावर हात ठेवला तर तळव्याला घुमारा कळतो. मी गंमत म्हणून घड्याळ लावलं. चार मिनिटं.

१९ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर काम मस्त चाललं होतं. शीर्षकं जुळली, पायऱ्यांना आपोआप आकडे पडले, चित्रं जागेवर बसली. आज सगळ्या पुस्तिका एकदम चालवल्या आणि सॉफ्टवेअर दोनशे बारा ठिकाणी अडलं. कल्लप्पांनी नेहमीच्या खुणांखेरीज स्वतःच्याही खुणा घातल्या आहेत. कुठे ‘जपून’, कुठे ‘जपा’, कुठे कानडी वळणानं ‘हुशार’, म्हणजे सांभाळून. पाच उघडून पाहिल्या. ‘फोटो जुना आहे, बदलणे.’ ‘हे पान पुन्हा बघणे.’ सगळी स्वतःसाठीची टिपणं.

सोमवारी सर गिऱ्हाइकांना दाखवणार. माझी घरची गाडी सव्वापाचला. मी फाईलमध्ये दोन ओळी घातल्या. अनोळखी खूण आली तर मजकुरासकट गाळ. गाळल्याची नोंद करू नको.

पुन्हा चालवलं. एकही चूक नाही. स्वच्छ पडदा बघून इतकं बरं वाटलं. गाडी मिळाली.

५ फेब्रुवारी, सोमवार

कोड छापून आले. अक्कलकोट रोडच्या, टॉवेल रंगवणाऱ्या एका रंगशाळेत नवा हायड्रो बसवला, त्यावर पहिला कोड मी स्वतः चिकटवला. तिथे गुरुसिद्धप्पा म्हणून एक नवा कामगार आहे, मंद्रूपकडचा. त्यानं लगेच फोन धरला आणि ओळीवर बोट ठेवत सगळ्या पायऱ्या मोठ्यानं वाचल्या. बाकीचे हसले. तो म्हणाला, वाचून केलेलं काम चुकत न्हाय. सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

गुरुसिद्धप्पाचा उजवा हात गेला. हायड्रोत. कोपरापासून.

दुपारी फोन आला. सर लगेच गेले. मला काही सुचत नाही. ह्यांना फोन करून आज येत नाही म्हणाले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी असून ऑफिसात गेले. कल्लप्पांची मूळ फाईल उघडली. सहावी पायरी: खटका बंद करा. सातवी पायरी: झाकण उघडा व टॉवेल बाहेर काढा. दोन्हींच्या मध्ये ‘जपून’ अशी खूण, आणि तिच्यापुढे दोन ओळी. जे मी अकरा जानेवारीला घड्याळ लावून पाहिलं होतं, तेच त्यात लिहिलेलं होतं.

दोनशे बारांतली एकशे नव्वद अशीच निघाली. बाकी बावीस टिपणं होती; मी उघडलेली पाच नेमकी त्यांतली.

मला माहीत होतं. वाचलं नसलं तरी माहीत होतं. माझ्याच तळव्याला कळलं होतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी विचारलं, पुस्तिकेत ही सूचना का नाही? मी म्हणाले, मूळ फाईलमध्येच नव्हती.

मी हे विचार करून बोलले नाही. तोंडातून गेलं. मग ते खरं करायला जागेवर आले आणि मूळ फाईलमधल्या त्या दोन ओळी पुसल्या. सॉफ्टवेअरच्या फाईलमधल्या माझ्या दोन ओळीही पुसल्या.

सरांनी रंगशाळेला कळवलं की कामगारानं चालू यंत्रात हात घातला. सगळ्यांचं तेच ठरलं आहे.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांनी कल्लप्पांना बोलावून घेतलं होतं. ते एसटीनं आले. धुवट पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. अर्धा तास बाहेर बाकावर बसवलं त्यांना.

ते म्हणाले, “लिहिलं होतं की मी. त्याला ब्रेक न्हाय, म्हणून जपून लिहिलं होतं.”

सरांनी मला फाईल दाखवायला सांगितली. मी दाखवली. ते पडद्याजवळ वाकले आणि सहाव्या ओळीखालून सातवीवर, पुन्हा सहावीवर, असं बोट फिरवत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, “न्हाय की.”

मी फाईल बंद केली.

“वय झालं,” ते म्हणाले. “मनात लिहिलं असंल. हितं ऱ्हायलं.” सरांपुढे त्यांनी हात जोडले. जाताना मला म्हणाले, “मॅडम, तुमी तरी नीट बघत जावा. माझ्यावानी करू नका.”

मी त्यांना चहा ओतून दिला. तेवढंच केलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात गेले. जायला तोंड नव्हतं, पण गेले. गुरुसिद्धप्पा म्हणाला, “मी बंद केलतं मॅडम. फोनात वाचून केलं. सहा झालं, मग सात.” त्याची बायको नागव्वा पायाशी बसली होती. ती म्हणाली, “सोडा वो आता. चालू मशीनमधी घातलाव हात, सगळी म्हनत्यात.” त्यानं भिंतीकडे तोंड केलं. अपघातापेक्षा ह्याचीच त्याला जास्त लाज वाटत होती. ती लाज माझी आहे. त्याच्या अंगावर घातलेली.

केळी ठेवून आले.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

सर म्हणाले, सूचना गुपचूप घालून टाका. मी घातली. रीतसर खूण, रीतसर चौकट. तेवढ्या पुस्तिकेवर सॉफ्टवेअर चालवलं, एकही चूक नाही. फोनवर पुस्तिका उघडली तर सहा, मग दोन ओळींएवढी कोरी जागा, मग सात.

फाईल पुन्हा तपासली. बरोबर आहे. पाच वेळा चालवली. मग सॉफ्टवेअर बाजूला ठेवून थेट पुस्तिकेतच हातानं टाइप केलं. टाइप करताना अक्षरं दिसतात. छापलेला कागद हातात घेतला की कोरी जागा.

काहीतरी माझंच चुकतंय.

१ मार्च, शुक्रवार

कागदावर मार्करनं लिहिलं, ते टिकलं नाही. मार्कर वाळलेला असेल. इथे माझ्या वहीत लिहून ठेवते, शाईनं:

२ मार्च, शनिवार

काल ‘शाईनं’ ह्या शब्दापुढे मी दोन ओळी लिहिल्या होत्या. आज जागा कोरी आहे. पान उलटून मागून बोट फिरवलं. पेनाचा दाब लागतो. अक्षरन् अक्षर लागतं. शाई नाही.

कुर्डुवाडीला आले आहे. ह्यांना सगळं सांगायचं ठरवलंय.

३ मार्च, रविवार

सांगितलं. स्वयंपाकघरात, समोर बसवून, सुरुवातीपासून. माझा आवाज मला नीट ऐकू येत होता. संपल्यावर हे म्हणाले, “बोल की. मघापासून नुसती बघत बसलीयेस.”

पुन्हा सांगितलं. ते उठून माझ्या कपाळाला हात लावून गेले.

५ मार्च, मंगळवार

सरांना सांगितलं. ते फोन बघत राहिले. मग ही वहीच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. म्हणाले, तारखा व्यवस्थित घातल्यात मॅडम, पण खाली लिहिलंय कुठे?

सुंदरम्मांना दाखवली. त्यांनीही तेच विचारलं.

बाकी सगळं ऐकू जातं. भाजी, गाडीची वेळ, तब्येत. तेवढंच गळतं. नोंदही राहत नाही.

७ मार्च, गुरुवार

अक्कलकोटला गेले. कल्लप्पा ओसरीवर होते. मी त्यांचे पाय धरले आणि बोलले. ते गोंधळले. “काय पायजे मॅडम? फाईल अजून चुकलीय का?” घरातून त्यांची सून म्हणाली, त्या दिवसापास्नं मामा कायबी लिहीत न्हाईत, साधी सामानाची यादीसुदिक.

परतीच्या एसटीत जागा मिळाली तरी उभीच राहिले.

१२ मार्च, मंगळवार

नागव्वाला त्याच रंगशाळेत कामाला घेतलं. नवऱ्याच्या जागी. त्याच हायड्रोवर.

मी तिथे गेले, तेव्हा ती मला म्हणाली, “म्या न्हाय तसं करनार. आदी बंद करीन, मगच उगडीन.”

मी तिचे दोन्ही खांदे धरून सांगितलं. ती मान हलवत होती, पण माझ्याकडे नाही. मागे कुणीतरी टॉवेल किती म्हणून विचारत होतं.

खटका बंद झाला. ती झाकणाकडे वळली. मी दोन्ही हात झाकणावर टाकले आणि अंगाचा भार दिला. ती ओढते, मी सोडत नाही. खाली घुमारा. मग हळू. मग थांबला.

हात गळत नाहीत. माझे हात तिला दिसतात.

१३ मार्च, बुधवार

सकाळी आठपासून रंगशाळेत. दिवसातून वीस-बावीस वेळा यंत्र चालतं. प्रत्येक वेळी मी झाकण धरते, चार मिनिटं. रंगशाळेच्या मालकाला वाटतं कंपनीनं मला पाठवलंय. कामगार बायका हसतात. नागव्वा हसत नाही, चिडते. काम मागे पडतं तिचं.

ऑफिसात रजा टाकली.

१५ मार्च, शुक्रवार

डावा हात झाकणावर. वही गुडघ्यावर. चार मिनिटांत एवढंच लिहून होतं. मनगट सुजलंय.

ह्यांचा फोन आला होता. उचलला नाही. काय बोलू—

१६ मार्च, शनिवार

नागव्वानं आज विचारलं, मी तुमचं काय वाईट केलं मॅडम, माझ्या पोटावर का येताय—

मी सांगितलं. अर्थातच—

सोडणार नाही मी झाकण.

१८ मार्च, सोमवार

सर स्वतः आले. घरी जा म्हणाले. रंगशाळेच्या मालकानंही उद्यापासून येऊ नका म्हणून—

हात जोडले मी. कल्लप्पांनी जोडले होते तसेच. आजच्या दिवस बसू द्या एवढं ऐकू गेलं त्यांना.

दुसरा हायड्रो येणार आहे म्हणे.

१९ मार्च, मंगळवार. सकाळ

फाटकावर अडवलं नाही. नवीन यंत्र आलंय. पहिल्याच्या शेजारी, सहा पावलांवर. त्यावरही कोड. माझाच—

दोन्ही चालू. नागव्वा एकावर. दुसरीकडे तिची धाकटी बहीण, आजच आलेली. दोघींना सांगितलं. हातवारे करून. दोघी माझ्यातून आरपार—

११ वाजले

सहा पावलं. धावत होते. आतापर्यंत जमलं. एक बंद होतं तेव्हा दुसरं चालू असतं, म्हणून.

साडेअकरा

दोन्ही एकदम भरली. एकदम बंद होणार.

नागव्वाच्या झाकणावर डावा हात आहे. घुमारा. चार मिनिटं. पलीकडे ती पोरगी खटक्यापाशी. फोन धरून वाचतेय, बोट ठेवून. सहा म्हणाली. खटका बंद केला तिनं. मी ओरडतेय. नागव्वासुद्धा वळून बघत नाही. हा हात काढला तर नागव्वा उघडेल, नाही काढला तर— पोरीनं बाही वर केली, सात म्ह