आत्याबाईंची साक्ष

आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि सासूला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. साताऱ्यात दोन खोल्यांत मी एकटीच राहते. लेक पुण्याला नोकरीला आहे, रविवारी तिचा फोन येतो. बाकीचे दिवस मी महिला सल्ला केंद्रात काम करते, तिथं येणाऱ्या बायकांशी बोलते आणि घरी आल्यावर कुणाशीच नाही. आज सकाळी एक पोर आली, गालावर वळ होता. मी तिला म्हटलं, "तो चिडला की स्वयंपाकघरात जाऊ नकोस. तिथं विळी असते, स्टो असतो, आणि बाहेर पडायला दुसरं दार नसतं." बोलून गेले आणि लक्षात आलं, हे माझं नाही, तुमचं बोलणं आहे. तुम्ही मला तुमच्याच मुलाबद्दल सांगितलेलं.

किल्लारीच्या भूकंपानंतरचं ते वर्ष. माधवनगरचं आपलं घर, दुपार, तुमचा लेक टेम्पो घेऊन मिरजेला गेलाय. तुम्ही गिरणीतून पहिली पाळी करून आलाय, लुगड्याला कापूस चिकटलाय. मी शेंगा फोडतेय, डावा डोळा सुजून मिटलाय. तुम्ही समोर येऊन बसता. तीन वर्षं तुम्ही मला "तोंड आवर" एवढंच सांगत आला होता, तेव्हा मी तेच ऐकायच्या तयारीत होते. "जायाचं असंल तर जा," तुम्ही म्हणालात, "पर डोक्यानं जा. कवठ्याला माहेरी जाऊ नगंस. त्यो पयला तिथंच यील. आन दवाखान्यात 'पडले' म्हनू नगंस. कुनी मारलं ते कागदावर लिवून घ्यायचं. गिरणीत वकीलबाई आलती, तिनं सांगितलंय. चारशे अठ्ठ्यान्नव कलम हाय." तुम्हाला सही येत नव्हती, पण तो आकडा तुम्ही पाठ केला होता. मी म्हटलं, "आवं, तुमचाच ल्योक हाय त्यो." "व्हय. त्याचा बाप बी असाच हुता. मला कुनी सांगितलं न्हाई, कुठं जायाचं ते."

मग महिनाभर तुम्ही एकेक कागद पदराखाली धरून शेजारच्या शिंपिणीकडं नेलात. माझा शाळेचा दाखला, लग्नाचा फोटो, पोरीचा जन्माचा दाखला, सगळं तिच्या पिठाच्या डब्यात. खूण ठरली. तुम्ही अंगणातून "शेळी सुटली गं" म्हणालात की मी पोरीला उचलायची आणि मागं न बघता शिंपिणीकडं जायचं. तो दिवस आला तेव्हा तो जेवायला बसला होता. ताट भिंतीवर गेलं, त्यानं पट्टा काढला. तुम्ही ओरडलात, "शेळी सुटली गं!" तो थांबला. "कुठली शेळी? गेल्या महिन्यात इकली की!" तेवढ्यात मी दाराबाहेर होते. माझ्यामागं तुम्ही उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिलात, ते मी पाहिलं नाही. शिंपिणीच्या नवऱ्यानं आम्हाला एस.टी.त बसवलं, संध्याकाळी आम्ही साताऱ्याला, वकीलबाईंच्या ओळखीच्या वसतिगृहात पोचलो.

चार दिवसांनी वकीलबाईंबरोबर मी सांगलीला तक्रार द्यायला आले. हवालदार म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे, घरी जाऊन मिटवा." आणि बाकावर तुम्ही बसलेल्या दिसलात, उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं तुम्ही दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवलात. "ह्ये वाचा. मी त्याची आई. दारात आडवी झाले म्हनून माझा हात मोडलाय. सुनंचं तर मी तीन वरीस बघतीय. आता लिवा." त्यांनी लिहून घेतलं. पुढं कोर्टात त्याच्या वकिलानं विचारलं, "हे सगळं सुनेनं शिकवलंय ना?" तुम्ही म्हणालात, "न्हाई साहेब, मी तिला शिकवलंय." वकीलबाई मान खाली घालून हसल्या. त्याला शिक्षा झाली. पोर माझ्याकडं राहिली.

तुमच्याकडं काय राहिलं, ते मी तेव्हा विचारलं नाही. भावकीनं तुम्हाला लग्नाकार्याला बोलवायचं सोडलं. नळावर बायका तुमच्याशी बोलेनात. शिक्षा भोगून तो परत त्याच घरात आला, जिथं तुम्ही होता. आज मी बायकांना सांगते की आता नवा कायदा आहे, तुला कुणी घराबाहेर काढू शकत नाही, घरी येऊन हात लावू नये म्हणून कोर्ट त्याला हुकूम देतं. तसा हुकूम आईलाही मिळू शकतो, हेही सांगते. तुमच्या वेळी हा कायदा नव्हता. मी मात्र होते.

शिंपिणीनं लिहिलेलं तुमचं कार्ड आलं होतं. "गिरणी बंद झाली. तो परत हात उचलतो. तिकडं येऊ का, विचारत्यात." मी उत्तर दिलं नाही. सात-आठ महिन्यांनी दुसरं कार्ड आलं, तुम्ही गेल्याचं. लेकीला मी सांगत आलेय की पहिलं कार्ड मला फार उशिरा मिळालं, पत्ता चुकला होता. हा कागद कुणाला पाठवायचा नाही, म्हणून खरं लिहिते. कार्ड वेळेवर आलं होतं, आत्याबाई. खोलीत जागाही होती. पण तुमचा चेहरा हुबेहूब त्याचा होता, आणि तो चेहरा रोज सकाळी समोर बघायची माझी छाती झाली नाही.