होळीआधी लावलेला कूलर

१८ फेब्रु.
होल्याची, त्या इवल्या कबुतरांची, जोडी यंदाही आली. खिडकीतल्या कूलरची वाळ्याची ताटी काढलेली, तिथून आत. चार काड्या टाकल्या की झालं यांचं घर, आळशी मेले! दोन अंडी. होळी पेटल्याशिवाय आपण कूलरले हात लावत नाही, हे यांच्या अंगवळणी पडलंय. लवकर अंडी घालतात त्यांचीच पिल्लं जगतात, मग पुढं तशीच निपजतात. आयुष्यभर वर्गात अनुकूलन शिकवलं, उदाहरण खिडकीतच होतं.

२५ फेब्रु.
ह्यांच्या बाबांना रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी आणलं. हृदय अर्धंच चालते. डॉ. म्हणाले, उकाडा अजिबात नको. एसीनं त्यांचे सांधे धरतात, तो विषयच नाही. पलंग खिडकीजवळ लावला. होले पाहून खूश.

१ मार्च
पिल्लं निघाली. बोडकी, कुरूप, गोड.
ऊन मात्र एप्रिलचं. बाबा दुपारभर धापा टाकून राहिले. हे म्हणाले, कूलर लावू. मी म्हटलं, होळीपर्यंत थांबा ना. ह्यांनी नुसतं बाबांकडे पाहिलं. लाज वाटली मलाच.

२ मार्च
लावला. घरटं अलगद चपलांच्या खोक्यात ठेवलं, खोकं बाल्कनीत. हातभर तर अंतर. वाटलं, येतील.
बाबा पहिल्यांदा शांत झोपले.

३ मार्च
मादी आली. पण खोक्याकडे नाहीच! चालू कूलरवर बसून जुन्याच जागेत वाकून पाहते. इकडे पिल्लं चोची वासून. तिच्यासाठी घर म्हणजे ती जागा. हे मला माहीत होतं, मुलांना सांगितलंही होतं. तरी म्हटलं, हातभर तर...

४ मार्च
सकाळी दोन्ही गार. कुंडीत पुरली. ह्यांना सांगितलं, बाबांना नाही.

५ मार्च
बाबा : पिल्लं उडाली का वं?
हो म्हटलं.
जरा वेळानं, खिडकीकडे पाहत : मंग ते कोणाले शोधून राहिली?
चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. रडले. कूलर बंद करता येत नव्हता, मान्य. पण होळीपर्यंत त्यांना पंख फुटले असते. तेवढेच दिवस उन्हानं दिले नाहीत.

होळी
चौकात होळी पेटली. कूलरले बारा दिवस झाले.

२८ मार्च
जोडी पुन्हा काड्या आणून राहिली. या वेळी पश्चिमेच्या सज्ज्यावर. दुपारी तिथं हात ठेववत नाही. पोतं बांधून सावली केली, तर बुजून दोन तास आलीच नाहीत. सोडलं.
बाबा सगळं पाहत होते. आयुष्य वीजकेंद्राच्या बॉयलरवर गेलं त्यांचं. म्हणाले, ‘‘जनमभर कोळसा जाळला, आता हवा मागून राहिलो.’’ मग म्हणाले, ‘‘पुढल्या साली यायनं पौषातच घर करावं.’’
करतीलही. पण पुढल्या साली आपण कूलर कधी लावू, ते मलाच सांगता येत नाही.