टायरचे सत्तर डॉलर

डोरीन,

सकाळच्या पाळीला चाललेय म्हणून लिहून ठेवतेय. खरं म्हणजे तोंडावर सांगायची हिंमत नाही.

टायर कंपनीने तुझे सत्तर डॉलर नाकारले ते माझ्यामुळे. पावती टपालाने पाठवली की सत्तर परत मिळतात, असं व्हर्नने ऑक्टोबरात सांगितलं, तेव्हा मीही तेच टायर घेतले आणि फॉर्मवर तुमचाच पत्ता टाकला. एका पत्त्याला एकदाच पैसे, हे खाली बारीक अक्षरात होतं. मी वाचलंच नाही. तू कागद जुळवत बसलीस, तोवर माझा चेक येऊन खर्चही झाला.

नकाराचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं. तू व्हर्नवर खेकसलीस, "एक फॉर्म धड भरता येत नाही तुला!" मी मान खाली घालून बटाटे सोलत राहिले. बिचाऱ्याने तो फॉर्म तीनदा भरला.

काल तू फोनवर टायर कंपनीच्या त्या बाईला ओरडून सांगितलंस, "अहो बाई, या घरात मी आणि माझा नवरा दोघंच राहतो! तिसरं कुणी नाही!" मी कपड्यांची टोपली घेऊन तळघराच्या जिन्यात उभी होते. तुझी चूक नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंतच राहते, असं मीच म्हटलं होतं. आता मार्च लागला.

पैसे कॉफीच्या डब्याखाली आहेत. व्हर्नची माफी संध्याकाळी मागेन.

त्या बाईला मात्र परत फोन करू नकोस. तिच्या कागदावर या घरात तिसरं माणूस आहे.

ट्रूडी