हळदीच्या चालीचा हक्क चांदपाशांचा

अण्णा, "आपण वाजवून घेणारे, वाजवणारे नाय," हे तुम्ही याही पत्रात लिहिलंच. बरं. मग वाजवणाऱ्याचं मृत्युपत्रही वाचून घ्या.

मी, सांडू कारभारी तुपे, वय तेवीस, चौथी नापास, राहणार हर्सूल, सध्या मुंबईत हॉटेलाच्या बँडात ट्रंपेटवाला, डोकं ठिकाणावर असताना, कुणी भरीला न घालता हे लिहितो. फुफ्फुसाला डाग आहे. सोमवारी छाती उघडणार.

एक. जमिनीतला माझा हिस्सा बहीण आवडाबाईला. दाजींना त्या कागदाला हात लावू देऊ नये; ते पत्त्यांत घालवतील.

दोन. तीन रेकॉर्डी कैतान फर्नांडिसला. हा बँडात माझ्या शेजारी सॅक्सोफोन वाजवतो. जॅझ म्हणजे काय थेरं, असं तुम्ही विचारलंत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स म्हणून शहर आहे. तिथली एक लढाई सरल्यावर पलटणींची पितळी वाद्यं तिथं स्वस्तात निघाली, ती काळ्या लोकांनी घेतली. त्यांचे आईबाप गुलाम होते. मयतीला जाताना रडवायचे, परतताना नाचवायचे. आपल्याकडंही पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या पलटणीचा बँड मोडला, तेव्हा लग्नात बँड वाजवणाऱ्या उस्ताद चांदपाशांनी ट्रंपेट भंगारातूनच उचललं ना? तसंच ते. पहिली रेकॉर्ड लुई आर्मस्ट्राँगची. हा माणूस पोरांच्या सुधारगृहात बाजा शिकला, अन् एकट्याचा सूर साऱ्या बँडच्या पुढं काढला. दुसरी ड्यूक एलिंग्टनची. पंधरा जण एका छातीनं वाजवतात, लोक नाचतात. तिसरी चार्ली पार्करची, लई घाईची. हिच्यावर पाय टाकता येत नाही म्हणालो, तर कैतान म्हणाला, "पाय कशाला टाकतोस? कान टाक."

तीन. ट्रंपेट उस्तादांना परत. मी ते चोरलं नाही. "ले जा बेटा, नाम कर," म्हणून त्यांनीच दिलं. तुम्ही मात्र "पोरगं फितवलं" म्हणत हर्सूलपासून गंगापूरपर्यंत त्यांच्या लग्नाच्या सुपाऱ्या तोडल्यात.

चार. हे लिहिताना मान वर होत नाही. जॅझमध्ये मधेच सारे मागं सरतात अन् एकट्यानं तिथल्या तिथं स्वतःचं काढून वाजवायचं असतं. माझ्यापाशी स्वतःचं काही नाही. मी उस्तादांची हळदीची चाल मोडूनतोडून वाजवतो. लोक उभे राहतात, "कुणाची चाल?" विचारतात. मी सांगतो, माझी.

कैतान म्हणाला, "गुरूचं नाव घेतलं तर जीभ झडंल का रे तुझी?"

मी म्हणालो, "लग्नातला बँडवाला म्हणून सांगू? हसतील."

म्हणजे अण्णा, मी तुमचाच पोरगा निघालो.

पाच. त्या चालीवर मिळालेली सारी बक्षिसी उस्तादांची. लग्नात तुम्ही ओट्यावरून नोट खाली टाकता अन् ते वाकून उचलतात. ही तशी टाकू नये. त्यांना ओट्यावर शेजारी बसवावं आणि हातात द्यावी.

सही: सांडू कारभारी तुपे
साक्षीदार: कैतान फर्नांडिस, वादक; बद्रीनाथ सोनवणे, दवाखान्याचे कंपाउंडर. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
मुंबई, ९ फेब्रुवारी १९५४

त्या बक्षिसीची मनीऑर्डर उस्तादांच्या नावानं करता आली असती. मुद्दाम तुमच्या नावानं केली आहे. रुपये एकशे साठ.