गव्हाणीतली हिरवी ज्वारी

प्रिय पप्पा,

नाताळ उद्यावर आलाय आणि मी शेजारच्या रुक्मिणीकाकूंच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून तुम्हाला लिहितेय. समोर त्यांची शेळी आडवी पडलीय. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले, म्हणाले, तासभर बघा. तासभर नुसतं बघत कसं बसायचं, पप्पा? हाताला काहीतरी काम हवं, म्हणून हे पत्र.

तुमच्याशिवायचा हा पहिला नाताळ. सजावटीला प्लास्टिक आणायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणजे तुम्ही जन्मभर केलंत तेच, फक्त मला ते फोटोत बरं दिसायला हवं होतं! कामट्यांचा तारा केला, मागावरच्या टाकाऊ सुताच्या माळा केल्या. पण बाळ येशूच्या गव्हाणीला तुमचा तो वाळका कडबा? मला तो कायम मळकट वाटायचा.

म्हणून मंगळवेढ्याला मामाकडे गेले. त्याच्या रानात ज्वारी पाण्याविना खुरटलीय, बुडाला नुसते कोवळे फुटवे. "ने की लागंल तेवढी," मामा म्हणाला, "पण जनावराम्होरं टाकू नगंस. असली कवळी ज्वारी इख असती." मी हो हो म्हटलं. आपल्याकडे कुठलं आलंय जनावर!

आणि आज दुपारी गल्लीतली पोरं जमली, तेव्हा मीच ही शेळी आणून गव्हाणीशेजारी बांधली. पोरांना गोठा खरा वाटावा म्हणून दरवर्षी तुम्ही बांधायचात ना? तुमची रीत मला मोडायची नव्हती, मामाचं बोलणं मात्र पार विसरले. सरबत करायला आत गेले, तेवढ्यात तिनं निम्मी गव्हाण फस्त केली. उरलेली ज्वारी मी पोत्यात कोंबून खोलीला कुलूप लावलंय. दोनदा जाऊन ते ओढूनही बघितलं.

तुम्ही नुसतं "वाळकाच आण" म्हणायचात. का, ते एकदा तरी सांगायचं होतंत! मीही विचारलं नाही म्हणा. पप्पांना हौसच नाही, एवढंच सगळ्यांना सांगत राहिले.

डॉक्टरांना मी फोनवर खरं सांगितलं. काकूंना नाही सांगितलं.

शेळी गाभण आहे, पप्पा. हिच्या दुधावर काकूंचं घर चालतं. आणि त्या मघापासून स्वतःलाच बोल लावतायत, "सकाळी मीच उकिरड्याकडं सोडली हिला. पिशवी गिळली असंल पिलास्टिकची. माजंच चुकलं गं." मी ऐकतेय आणि तुम्हाला लिहितेय. किती भित्री आहे हो तुमची मुलगी!

आत्ता शेळीनं मान उचलली, पाण्याला तोंड लावलं आणि परत टाकली. हे चांगलं की वाईट? काकू म्हणतायत, "तू जा चर्चला, उशीर हुईल. हिच्यासाठी बी माग की देवाकडं."

नाही जाणार. पप्पा, शब्द देते, काकूंना आत्ताच सगळं सांगते, शेळी उठायच्या आधी. ती उठल्यावर सांगणं फार सोपं जाईल.

तुमची लेक,
सुनीता