अजून गडद

३ फेब्रुवारी
फोटो पसंत नाही! सासूबाई पंधरवड्यात ऑपरेशनला जाणार. त्याआधी एकच मागणं — "तुझ्या त्या हातछपाईतला माझा एक फोटो कर. मी नसेन तोवर घरात राहील." लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. म्हणून जीव ओतला. नुसत्या पॅलेडियम धातूच्या द्रावणावर छापलेला, सायीसारखा मऊ. गालावरची लवसुद्धा दिसत होती.
"पुसट आहे गं."
पुसट!
सासरे बिचारे लगेच म्हणाले, "छान आलाय." त्यांना काय, सगळंच छान.

६ फेब्रुवारी
द्रावणात कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या बाटलीतले दोन थेंब टाकले. ब्रशने कागदावर फासलं, वाळवलं, वर निगेटिव्ह ठेवून गच्चीत उन्हाला लावलं. डेव्हलपर ओतताच चेहरा झर्रकन वर आला. सावल्या खोल, केस चंदेरी. मीच हरखले.
"अजून गडद."
सासरे — "छान." चष्मा खिशातच!

७ फेब्रुवारी
ऊन नाही. नुसती चिडचिड.

१० फेब्रुवारी
आज भांडलेच. म्हटलं, "आई, आणखी थेंब टाकले तर सुरकुत्या चिरांसारख्या दिसतील. कपाळ पांढरंफटक पडेल, सगळं रवाळ होईल."
"होऊ दे. मला काय आता बोहल्यावर चढायचंय?"
हसूच फुटलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "कर गं एवढं." हात गार होता. घाबरल्यात त्या. मीही.

१३ फेब्रुवारी
टाकले! मनाविरुद्ध, छातीवर दगड ठेवून. फोटो कसला, कोळशाने काढलेलं चित्र! डोळे, नाक, ओठ — बाकी कोरा कागद. मागे सही करायचीही लाज वाटली. आईंनी हात लांब करून, डोळे जवळजवळ मिटून पाहिला.
"हाच."
आणि सासऱ्यांच्या खुर्चीसमोर स्वतः खिळा ठोकून लावला. ऐकतात कुणाचं!

१६ फेब्रुवारी
आई सकाळी दवाखान्यात दाखल झाल्या. उद्या ऑपरेशन. दुपारी चहा घेऊन गेले, तर सासरे फोटोसमोर उभे.
"ही यात दिसली बघ," म्हणाले. "आधीच्या सगळ्यांत नुसतं धुकं होतं." मग आवाज खाली आणून — "माझ्या डोळ्यांचं तिला सांगू नकोस हं. उगाच काळजी करत बसेल."
नाही सांगणार, म्हटलं.